बांगडी वाजली की गिअर गेला

"तात्या, व्हा बाजूला! व्हा म्हंतोय न्हवं! आधी वहिनींना बोलवा!"

ओरडत होते आबा. मी त्यांच्या लाँचच्या पोटात पालथा पडलेलो, दोन्ही हात कोपरापर्यंत गिअरपेटीत. आबांचा आवाज असा, की त्यांनी आमच्या काठावर नुसतं खाकरलं तरी उजनीच्या पलीकडं करमाळ्याच्या हद्दीतली कुत्री भुंकायला लागतात. त्या दिवशी तर उथळ पाण्यातले रोहित पक्षी थव्यानं उडाले आणि परत बसायला तयार होईनात. धुणं धुणाऱ्या बाया, जाळ्यातनं मासे सोडवणारी माणसं, सगळ्यांनी माना वळवल्या.

"आबा, गिअर मी बघतोय की," मी आतूनच म्हणालो.

"तुमी बघा. बघायला कोण नको म्हंतंय? पण सांगायला वहिनी पायजेत."

बघायला मी आणि सांगायला वहिनी! उभ्या काठासमोर! माझे हात तेलात होते म्हणून बरं, नाहीतर पाना कुठं उडाला असता कोण जाणे.

ह्या अंकाचे संपादक मला म्हणाले, "तात्या, तुमच्या कामाचे चार अनुभव लिहा." मी विचारलं, "खरे लिहू?" ते म्हणाले, "जमतील तेवढे." तेव्हा जमतील तेवढे खरे लिहितो. बाकीचे त्याहून खरे आहेत.

मी फिटर. सुरुवात साखर कारखान्यावर केली. तिथं उसाच्या चरकाचे गिअर असतात, एकेक दात एवढा मोठा की दोन दातांच्या खाचेत बसून मी भाकरी खाल्ली आहे. पुढं कारखाना सोडला आणि इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, लाँच आणि होड्यांच्या मशीनचं काम धरलं. चरकाच्या गिअरवरून लाँचच्या गिअरवर येणं म्हणजे बैल धुता धुता कोंबडी धुवायला लागण्यासारखं. पण कोंबडी जास्त फडफडते, हे मला नंतर कळलं.

ज्यांनी लाँच फक्त बसून जायला वापरली, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मधे डिझेल मशीन. तिच्या मागं गिअरपेटी. पेटीतून एक लांब शाफ्ट निघतो तो तळातून पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाला पंखा. मशीन फिरते भन्नाट, पंखा फिरायला पाहिजे बेतानं, आणि काठाला लागताना उलटा. हा सगळा समजूतदारपणा गिअरपेटीतले दात करतात. दाताला दात घासून झिजतात. झीज सगळ्यांचीच होते, तुमची, माझी, तहसील कचेरीच्या पायऱ्यांची. प्रश्न एवढाच असतो, की हा गिअर अजून एक हंगाम काढेल का? आज बदलला आणि चांगला निघाला तर मालक बोंबलतो. नाही बदलला आणि मधल्या पाण्यात दात गेले तर सगळी लाँच बोंबलते.

म्हणून वर्षातून एकदा लाँच काठावर ओढायची आणि बघायचं. बघायच्या माझ्या तीन तऱ्हा. पहिली, तेल. पेटीतलं जुनं तेल सोडायचं आणि चिमटीत चोळायचं. चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक असली तर ठीक, ती रोजची झीज. बोटाला टोचलं तर दाताचे टवके आहेत. आणि तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. दुसरी तऱ्हा, लोहचुंबक. पेटीच्या बुचाला चुंबक असतो, त्याला लोखंडाच्या भुकटीची मिशी येते. कोवळी मिशी चालते, पैलवानाची मिशी आली की काळजी.

तिसरी तऱ्हा शेंदराची. कारखान्यावरच्या जुन्या मिस्त्रींनी शिकवलेली. तेलात शेंदूर कालवायचा, एका गिअरच्या दातांना पातळ फासायचा आणि हातानं फिरवायचं. दुसऱ्या गिअरच्या दातावर ठसा उमटतो. ठसा दाताच्या मधोमध, भाकरीवरच्या डागासारखा पडला की गिअर शाबूत. कडेला सरकला, तुटक पडला, की दात वाकडे झिजले. एकदा मी शेंदूर फासलेला गिअर उन्हात वाळत ठेवून जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर पुढं नारळ फुटलेला, दोन उदबत्त्या लावलेल्या आणि एक म्हातारी हात जोडून उभी. मी तिला हटकलं नाही. त्या गिअरनं पुढं इतकी वर्षं काम दिलं की मला अजून शंका आहे.

ह्या तीन तऱ्हांवर माझं नाव होतं. भिगवणपासून खाली नरसिंहपूरपर्यंत कुणाचाही गिअर कुरकुरला तरी लोक म्हणायचे, तात्याला दाखवा. एसटीत बसून पुलावरून जाताना खालच्या लाँचचा आवाज ऐकून मी गिअर सांगितलेला आहे. कंडक्टर साक्षीला आहे. आता तो रिटायर झाला, पण आहे.

आणि मग चौथी तऱ्हा निघाली. ती माझ्या घरातून निघाली.

मालन माझी बायको. तिची परसात भाजी असते, इंदापूरच्या बाजाराला जाते. यंत्राशी तिचा संबंध एवढाच, की मी पेटीपाशी वाकलेला असताना मागं पंख्याला धरून कुणीतरी हलवायला लागतं. मशीन बंद ठेवायची, गिअर टाकून ठेवायचा, आणि पंखा थोडा इकडं, थोडा तिकडं. दात नवे असले तर पंखा जागचा हलत नाही, लगेच दाताला दात टेकतो. झिजलेले असले तर मधे मोकळी जागा असते, तेवढा पंखा फिरतो. तिला हाक मारायची, ती पदर खोचून यायची, हलवायची आणि परत भाजीत जायची.

एकदा ती पंखा हलवत असताना म्हणाली, "अवो, गेल्या साली हिची बांगडी वाजत नव्हती."

"कुणाची?"

"माझीच की. पण ह्या लाँचला. गेल्या साली वाजली न्हाय, आवंदा वाजतीय. सैल झालंय."

तिच्या हातात काचेच्या बांगड्या. पंखा जागच्या जागी अडला की मनगट थोडंच हलतं, बांगड्या गप्प राहतात. मोकळी जागा वाढली की हात लांब जातो, मग अडतो, आणि अडताना बांगड्या एकमेकींवर आपटतात. किण. विज्ञान म्हणाल तर एवढंच आहे. मी म्हणालो, "जा, मिरच्या निवड."

ती गेली. धुणं धुणाऱ्या बाया तेवढं ऐकून होत्या. मी तेल बघितलं, चुंबक बघितला, म्हणालो चालतंय. लाँच होती सचिनची. सचिन म्हणजे पक्षी दाखवायला पर्यटक नेणारा, चुरचुरीत माणूस, डोळ्यांवर सतत काळा चष्मा. हिवाळ्यात पुण्याची माणसं तोफेएवढे कॅमेरे घेऊन येतात, त्यांना तो रोहित दाखवतो. हंगाम ऐन भरात आला आणि त्याच्या गिअरचे दात मधल्या पाण्यात साफ गेले. मशीन चालू, पंखा ढिम्म. भीतीचं काही नव्हतं, पाणी छातीएवढं. उलट मशीनचा आवाज बंद झाल्यावर पक्षी इतके जवळ आले म्हणे, की एका कॅमेऱ्यावर बगळा बसला. पर्यटक खूश. सचिन बांबूनं लाँच रेटत रेटत काठाला आला.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. मी दारात उभा. मनात म्हणालो, शिव्या खायच्या, काय करणार, धंदा आहे. तर त्याच्या हातात पेढ्याचा पुडा! मी हात पुढं केला. त्यानं माझ्या बगलेतून आत डोकं घातलं.

"वहिनी कुठंयत? वहिनी, तुमी सांगितलं होतं म्हणं. आवो, तुमची बांगडी म्हंजे मशीनच हाय!"

त्या पेढ्यातला एक मी खाल्ला. कडू होता. बाकीच्यांना गोड लागला म्हणे.

मला सांगा, माणसानं दुसऱ्या फिटरचा हेवा केला तर लोक समजून घेतात. इंदापुरात चार फिटर आहेत, चौघांचा मी मनसोक्त हेवा केलेला आहे, कुणी नावं ठेवली नाहीत. पण फिटर घरातच असला, आणि त्याच्याच हातची भाकरी खायची असली, तर हेवा करायचा तरी कुठं बसून?

बातमी पसरली. लोक लाँच ओढून आणायचे आणि माझ्याकडं न बघता परसाकडं बघायचे. मी तेल चिमटीत चोळायचो, वास घ्यायचो, आभाळाकडं बघून विचार करायचो, आणि मालक विचारायचा, "ते ऱ्हाऊ द्या तात्या, बांगडी वाजली का?" पलीकडच्या काठाच्या लाँचवाल्यांनी तर आपापल्या बायकांना पंख्याला धरायला लावलं. तिथं सगळ्याच लाँचला बांगड्या वाजल्या, कारण त्या बायका चिडलेल्या होत्या. हातात बांगडी टिकेना. त्या साली त्या काठावरच्या कासाराचं घर स्लॅबचं झालं. आमच्या मालनची गोष्ट वेगळी. ती पंखा अशी हलवायची, जशी झोपलेल्या पोराची कूस बदलतात. आणि गेल्या साली कुठल्या लाँचला कशी वाजली होती, हे तिच्या मनगटाच्या लक्षात असायचं.

बारामतीला मी नवे गिअर घ्यायला जायचो. तिथला दुकानदार जुना, माझ्या शब्दावर माल बाजूला काढून ठेवणारा. एकदा त्यानं डबा काउंटरवर ठेवला आणि हात डब्यावरच ठेवून विचारलं, "तात्या, नक्की बदलायचाच हाय ना? वहिनींनी सांगितलंय?" म्हणजे बारामतीपर्यंत! मी तिथून निघालो तो एसटी स्टँडपर्यंत स्वतःशी बोलत गेलो. लोकांनी वाट करून दिली.

मग मी माझं पाळण्यातलं नाव घेऊन मनाशी म्हणालो, बबन गड्या, बांगडीच वाजवायची ना? तुला हात नाही का?

मालन बाजाराला गेली होती. मी तिच्या बांगड्यांचा डबा काढला. त्यातली सगळ्यात मोठी निवडली, हाताला साबण लावला, अंगठा आत दुमडला आणि घुसवली. बाईमाणसाचं मनगट आणि फिटरचा पंजा, ह्यात फरक असतो हे मला तत्त्व म्हणून माहीत होतं. बांगडी अंगठ्याच्या बुडापाशी अडकली. पुढं जाईना, मागं येईना. मी फेस करत बसलो आणि दारातून आवाज आला, "तात्या, हाय का घरात?" सचिन! काळा चष्मा त्यानं कपाळावर चढवला, माझ्या फेसाळ हाताकडं बघितलं, हिरव्या बांगडीकडं बघितलं.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "चुडा भरताय?"

"गिअरचं काम हाय," मी म्हणालो.

"व्हय व्हय. हळदीला बोलवा म्हंजे झालं."

बांगडी शेवटी फोडावी लागली. संध्याकाळपर्यंत सगळ्या काठाला माहीत झालं. मासेवाले मला बघून दोन्ही हात पुढं करायचे.

मग मी डोकं चालवलं. नरसिंहपूरच्या जत्रेतून मालनसाठी बांगड्या आणल्या. चांगल्या, रंगीत, वर सोनेरी टिकल्या. प्लास्टिकच्या. प्लास्टिकची बांगडी आपटली तरी वाजत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं होतं. मी मोठ्या प्रेमानं तिच्यापुढं ठेवल्या. "काच टोचती तुझ्या हाताला," म्हणालो.

तिनं बांगड्यांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. "बऱ्या हायत," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आमच्या भेंडीतल्या बुजगावण्याच्या दोन्ही हातांत प्लास्टिकचा चुडा. उन्हात झगमगत होता. चिमण्या आणखीनच यायला लागल्या.

तर अशी सगळी पार्श्वभूमी. आता परत आबांच्या लाँचवर येऊ, कारण मी अजून त्यांच्या गिअरपेटीत पालथा आहे.

आबांची लाँच म्हणजे आमच्या काठाची एसटी. दुधाचे कॅन, शेरडं, मोटरसायकली, पलीकडच्या गावात दिलेल्या लेकी, सगळं तिच्यातून जातं. दुसऱ्या दिवशी तिला परत पाण्यात सोडायची होती. मी पेटीचं झाकण काढलं होतं. तेल चांगलं, चुंबकावर कोवळी मिशी. दात मी बॅटरी मारून बघितले होते. मला आतून माहीत होतं, गिअर चांगला आहे. आणि हा माणूस वरून ओरडतोय, वहिनींना बोलवा!

मालन आली. पदर खोचला. पंख्यापाशी बसली. सगळा काठ पुढं सरकला. तिनं पंखा हलवला.

किण.

"वाजली!" आबा ओरडले. "तात्या, वाजली! गिअर गेला. बदला."

"आबा, गिअर चांगला हाय."

"आन् बांगडी?"

"बांगडी गेली खड्ड्यात! मी गिअर बघितलाय. ह्या हातानं." मी लाँचच्या काठावर चढून उभा राहिलो. पुढचं माझं मी बोललो नाही, माझ्यात साठलेले पेढे बोलले. "आज हितं, सगळ्यांसमोर शेंदूर लावतो. गिअर गेलेला निघाला तर हितंच मिशी उतरवीन, आन् परत पान्याला हात लावणार न्हाय! बोला!"

माझी मिशी कशी होती म्हणून सांगू. गिअरपेटीला घातलं नसेल एवढं तेल मी तिला घातलेलं. कारखान्यावर असताना चरकाच्या पट्ट्यात ती एकदा अडकली, तर पट्टा तुटला. आणि पाना म्हणजे माझं पोट होतं. दोन्ही मी एका वाक्यात डावावर लावून बसलो. मालन पंख्यापाशीच होती. ती काही बोलायला गेली, पण आबा मधेच ओरडले, "गणपतला बोलवा रे!"

गणपत आमचा न्हावी. फोन केला तसा गाडीवरून आला, पेटी उघडून दगडावर बसला. "तात्या, वस्तरा नको, नवं ब्लेड लावतो," म्हणाला. "आन् फोम भारीतला आणलाय. तुमची मिशी हाय, साध्या साबणानं कसं जमंल?"

मी शेंदूर कालवला. दातांना फासला. आबांना आत बोलावलं, दोन माणसं आणखी बोलावली, साक्षीला. मशीनच्या बाजूनं हातानं गिअर फिरवला, हळूहळू, पूर्ण फेरा. बॅटरी मारली.

ठसा दाताच्या मधोमध! एका दातावर, दुसऱ्या दातावर, सगळ्या दातांवर, जत्रेतल्या पेढ्यांवर उमटवतात तसा गोल, ठसठशीत. गिअर शाबूत होता. अजून दोन हंगाम हसत काढेल असा शाबूत.

आबा बघत राहिले. मग म्हणाले, "आयला, खरंच की."

मी लाँचच्या टपावर चढलो आणि नाचलो. होय, नाचलो. शेंदरानं माखलेल्या हातानं मिशीला पीळ दिला, ती लालभडक झाली. "बघा! सगळ्यांनी बघा! बांगडी खोटं बोलली! शेंदूर खरं बोलला!" वर्षानुवर्षांचं साठलेलं मी त्या टपावर उतरवून टाकलं. सचिन टाळ्या वाजवत होता. गणपतनं फोमचा डबा परत पेटीत ठेवला, जरा नाराजच होऊन.

"मालन!" मी वरूनच ओरडलो. "आता बोल! गिअर गेलाय?"

ती उठून पदर सोडत होती. "मी कुठं म्हणाले गिअर गेलाय?"

"मग बांगडी का वाजली?"

"मी म्हणाले कधी तरी गिअर? मी म्हंते सैल हाय. कुठं सैल हाय ते तुमी बघायचं." मग तिनं पंख्याकडं मान वळवली. "तुमी हिकडून हलवून बघितलं का?"

इथं एक गोष्ट सांगायला लागते. मी हलवून बघितलं नव्हतं. त्या हंगामातच नाही, तर बरेच हंगाम मी कुठल्याच लाँचच्या पंख्याला हात लावला नव्हता. ते टोक तिचं झालं होतं. लोक तिथं तिच्याभोवती गोळा व्हायचे, म्हणून मी तिकडं जाणंच सोडलं होतं. लाँचची मशीनकडची बाजू माझी, पंख्याकडची तिची, मधे जणू बांध. आणि बांधावर कुणाची जबाबदारी असते? कुणाचीच नाही.

मी टपावरून उतरलो. पंखा धरला. हलवला. आबांना म्हणालो, आत गिअरवर नजर ठेवा.

"गिअर हलत न्हाय तात्या," आबा आतून म्हणाले. "गप हाय."

पंखा मात्र माझ्या हातात हलत होता. म्हणजे शाफ्ट फिरतोय आणि गिअर उभा आहे. म्हणजे दोघांच्या जोडावर काहीतरी गेलंय. शाफ्ट आणि गिअरपेटी ह्यांना जोडणारी एक जाड चकती असते. शाफ्ट तिच्यात घट्ट धरून राहावा म्हणून खाचेत लोखंडाचा एक चौकोनी तुकडा ठोकलेला असतो, आम्ही त्याला चावी म्हणतो. मी चकती खोलली. चावी हातानंच बाहेर आली. चोखून चोखून पातळ झालेल्या लिमलेटच्या गोळीसारखी. एवढीशी राहिली होती. दुसऱ्या दिवशी भरल्या लाँचमध्ये ती मोडली असती, शाफ्ट चकतीतून सुटला असता, आणि जगातला सगळ्यात शाबूत गिअर घेऊन आबांची लाँच वाऱ्यावर गेली असती.

मी ती चावी तळहातावर घेऊन उभा राहिलो.

मग आबांनी टोपी काढली. "वहिनी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच न ओरडता म्हणाले, "मानलं तुमाला. बांगडी खोटं बोलत न्हाय."

"आबा," मी म्हणालो, "पण गिअर चांगला निघाला! पैज मी जिंकली की!"

"व्हय, व्हय. तुमी पण बरोबर."

तुमी पण! त्या 'पण'ला मी आजतागायत क्षमा केलेली नाही. बाया मालनभोवती जमल्या, तिच्या मनगटाला हात लावून बघायला लागल्या. सचिन म्हणाला पेढे आणतो. माझ्यापाशी फक्त गणपत उरला. तो म्हणाला, "तात्या, आलोच हाय तर दाढी करू का?"

करून घेतली. काय करणार.

नवी चावी मीच घासून बसवली. एवढी घट्ट, की ती लाँच भंगारात जाईल पण चावी निघणार नाही. लाँच पाण्यात गेली, नीट गेली, अजून जाते.

पुढच्या हिवाळ्यात सचिननं लाँच आणली. मालन आली, पंख्यापाशी बसली, आणि बसल्याबरोबर तिनं हातातल्या बांगड्या वर सारल्या. कोपराजवळ, जिथं हात जाड होतो तिथपर्यंत, घट्ट. मग पंखा हलवला. आवाज नाही. ती उठली.

"काय वहिनी? सांगा की," सचिन म्हणाला.

"ह्यांना इचारा," ती म्हणाली आणि मिरचीच्या वाफ्याकडं गेली.

सगळे माझ्याकडं वळले. हेच तर मला हवं होतं! एवढी वर्षं ह्याच्यासाठीच मी आतल्या आत धुमसत होतो. मी पंख्याला हात घातला, हलवला, तेल बघितलं, चुंबक बघितला. गिअर चांगला होता. माझ्या हाताला कळत होतं, कळत नव्हतं असं कधीच नव्हतं. "चालंल," म्हणालो. सचिननं एकदा वाफ्याकडं बघितलं. ती पाठमोरी होती. त्यानं लाँच नेली. हंगाम सुरळीत गेला.

पेढे कुणी आणले नाहीत. गिअर टिकला तर पेढे आणायची पद्धत आमच्याकडं नाही.

त्यानंतर ती दर वेळी यायची, बांगड्या वर सारायची, पंखा हलवायची आणि म्हणायची, ह्यांना इचारा. हळूहळू लोकांनी मलाच विचारायची सवय परत लावून घेतली. बारामतीचा दुकानदार परत नुसत्या माझ्या शब्दावर डबा द्यायला लागला. माझं नाव मला साभार परत आलं. आणि तुम्हाला वाटेल, तात्या निवला. छे! आधी मला हेवा होता तो तिच्या मनगटाचा. आता हेवा वाटायला लागला, की एवढं नाव हातात आलेलं असताना ही बाई ते बांगडीसारखं वर सारून मिरच्या तोडायला जाऊ शकते. मला एक मिशी सोडवली नसती.

आता मी काम सोडलं आहे. माझा पुतण्या लोणी देवकरच्या कारखान्यात नोकरी करून बाहेर पडला, तो आता काठावर बसतो. त्याच्याकडं घड्याळासारखं एक यंत्र आहे, पंखा हलवला की काटा फिरतो आणि किती सैल ते दाखवतो. मी त्या काट्याचाही हेवा करून बघितला. मजा येत नाही. काटा भाकरी करत नाही.

परवा दुपार कलल्यावर मी परसात खाटेवर बसलो होतो. मालन भेंडी तोडत होती. बुजगावण्याच्या हातात प्लास्टिकचा चुडा अजून आहे, रंग उडालाय. मला वाटलं, हे संपादकांना लिहून द्यायच्या आधी एकदा विचारून घ्यावं.

"मालन," मी म्हणालो, "एवढी वर्षं मी तुझ्यावर जळत होतो."

"म्हाईत हाय."

"तुला म्हाईत होतं?"

"सगळ्या काठाला म्हाईत होतं."

मी मिशी नीट केली. "मग तुला कधी माझा हेवा न्हाय वाटला?"

तिनं एका भेंडीचं टोक मोडून बघितलं. टोक कट्कन मोडलं, भेंडी कोवळी होती. ती टोपलीत टाकली.

"कशाचा?" ती म्हणाली.